कानातला कापूस

डिलाईल रोड, मुंबई
१२ जून १९८८

प्रिय महादेव,

जय भीम. सहा वर्षांनी माझं पत्र बघून घाबरू नकोस, घरातलं कोणी गेलेलं नाही. अक्षर बकुळाचं आहे, शब्द माझे. तुझा इचलकरंजीचा पत्ता चाळीतल्या कुशाबाने दिला. गावाहून येताना तो तुझ्याकडे उतरला होता म्हणे. तू मागावर आहेस आणि बरा आहेस, एवढंच त्याने सांगितलं. जास्त मी विचारलं नाही.

मला अर्धांगाचा झटका आला. सत्तावीस मेची दुपार. संपानंतर गिरणीने मला परत घेतलं नाही, तेव्हापासून मी गिरगावात एका छापखान्यात प्रूफं तपासतो. त्या दिवशी हातातली पेन्सिल पडली. उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा वाकलो तर पेन्सिलीशेजारी माझाच हात पडलेला दिसला आणि तो मला उचलता येईना. खिळे जुळवणारा रामजी हसत म्हणाला, "काय राजारामभाऊ, आज भरदुपारी टाकली काय?" मी उत्तर दिलं, पण ते त्याला कळेना. तेव्हा तो हसायचा थांबला.

परळच्या इस्पितळात अकरा दिवस होतो. पाय परत आला, भिंत धरून जिन्यापर्यंत जातो. जीभ जड झाली होती, ती बरीच सुटली. उजवा हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबतो. आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी इस्पितळात जायचं आहे. डॉक्टर म्हणाले, पहिल्या सहा महिन्यांत जे परत येईल ते येईल, पुढचं सांगता येत नाही. त्यातले पंधरा दिवस गेलेसुद्धा.

तुझी वहिनी राधाबाई बरी आहे. बकुळा यंदा अकरावीत गेली. शेवंताला आणि पोराला आशीर्वाद.

तुझा,
दादा

काका, हे मी बकुळा लिहितेय. बाबांनी शेवटी अजून एक वाक्य सुरू केलं होतं, "त्या संध्याकाळी पटांगणात", आणि मग म्हणाले, खोड. मी ते लिहिलंच नव्हतं. तुम्ही संपात जे केलं ते केलं, त्यावर मला बोलायचं नाही. पण एवढ्या आजारपणात बाबांनी पहिलं पत्र तुम्हाला लिहायला सांगितलं. दोन ओळी तरी पाठवा.


१७ जुलै १९८८

महादेव,

हे मी. उजव्या हाताने. पेन्सिलीला चिंधी गुंडाळली आहे. एवढ्याला अर्धा तास लागला.

दादा


१४ ऑगस्ट १९८८

महादेव,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तरी पोस्टमन जिन्याखाली दिसला की कठडा धरून उभा राहतो आणि तो वर आला नाही की दूध बघायला आत वळल्यासारखं करतो. राधाबाईला सगळं कळतं. ती म्हणते, "दूध कवाच तापलंय."

आता चिंधी काढली आहे. चार ओळी झाल्या की बोटं आकसतात, मग हात उन्हात ठेवून बसायचं आणि पुन्हा लिहायचं. हे पत्र मी परवा सुरू केलं.

इस्पितळात माझा हात पागधरे बाईंच्या ताब्यात आहे. वय असेल पंचवीस-सव्वीस, वरळीच्या कोळीवाड्यातल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा चांगला, डावा हात गळ्यात झोळी करून बांधून टाकला. मी म्हटलं, "बाई, आजारी उजवा आहे." तर म्हणाल्या, "ठाऊक आहे. पण हा डावा पुढं पुढं करतो, म्हणून तो आळशी झालाय. घरातसुद्धा सकाळी चार तास बांधायचा. कोण बांधेल?" बकुळा म्हणाली, मी. तेव्हापासून सात वाजले की पोरगी बापाचा हात बांधते आणि कॉलेजला जाते. चार तास मी या लोंबत्या हाताने चहाच्या कपाचा कान शोधतो, एका वाटीतले वाटाणे दुसरीत टाकतो, भिंतीवर बोटं चढवतो. भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली आहे. काल जिथपर्यंत गेलो त्याच्यावर आज अर्धी बोटभर. कधीकधी तेवढीही नाही.

सगळ्यात अवघड मूठ आहे. ती वळते. आपणहून वळते आणि तशीच राहते. वीस वर्षं मी हीच मूठ वर करून हजारो माणसं उभी केली. आता ती मांडीवर पडून असते आणि अंगठा आतच अडकतो. परवा वैतागून बाईंना म्हटलं, "मूठ तर वळतेय की." त्या म्हणाल्या, "मूठ कोणालाही वळता येते हो. उघडून दाखवा."

लिहिणं हा त्यांचाच व्यायाम आहे. रोज दहा ओळी. मी विचारलं, काय लिहू? म्हणाल्या, "भाषण लिहा, तुम्ही मोठे बोलणारे आहात असं ऐकलंय." मी म्हटलं, भाषण मी कधी लिहून केलं नाही. "मग भांडण लिहा. तुमचं कोणाशी तरी असेलच." म्हणून तुला लिहितो.

हे खरं आहे, पण पूर्ण नाही. तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती दुसऱ्याच्या हातून लिहून घेण्यासारखी नाही. बकुळाच्या हातून तर नाहीच. ती वहीत माझी जुनी भाषणं उतरवून ठेवते, तुला माहीत नाही. तेव्हा हा हात तेवढ्यापुरता तरी परत यायला हवा. त्याने पुन्हा गिरणी चालवू नये, प्रूफं तपासू नयेत, मला चालेल. एक पत्र लिहावं.

चाळीत काय बोलतात तेही सांगतो. आनंदीबाई राधाबाईला म्हणाली, "ज्या हातानं भावाकडं बोट केलं तोच गेला बघ." मी कडाडलो. जीभ अडखळली तरी कडाडलो. म्हटलं, हे पाप-पुण्याचं दुकान माझ्या दारात मांडायचं नाही. आपल्या बापजाद्यांना हेच सांगून शतकानुशतकं उकिरड्यावर बसवलं, की मागच्या जन्मीचं भोगताय. माझ्या डोक्यातल्या एका शिरेत रक्ताची गुठळी झाली. त्या गुठळीला माझा भाऊ ठाऊक नाही.

आनंदीबाई निघून गेली. मी जिंकलो. आणि मग दुपारभर माझ्या मनात आलं की ही शिक्षा असती तर बरं झालं असतं, कारण मग ती भोगून झाली असती.

दादा


४ सप्टेंबर १९८८

महादेव,

आज हे घाईत लिहितो. अक्षर वाईट आहे, सांभाळून घे.

सकाळी उठलो तर जिभेचं टोक बधिर. राधाबाई नळावर गेली होती. मी आरशासमोर उभा राहून ओठ वाकडा होतो का बघितलं. मग आपल्या चाळीतल्या एकेका खोलीतल्या माणसांची नावं मोठ्याने म्हटली, तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत. सगळी नीट आली. तुमच्या खोलीशी आलो तेव्हा तुझंच नाव घेतलं. तिथे आता दुसरे राहतात. तासाभराने बधिरपणा गेला. राधाबाईला सांगितलं नाही. गरम चहाने भाजलं असेल, असं स्वतःला सांगितलं. पण चहा तर अजून झालाच नव्हता.

रक्तदाब खाली येत नाही. इस्पितळातला तरुण डॉक्टर खरं बोलणारा आहे, मला तशी माणसं आवडतात, पण त्या दिवशी नाही आवडला. म्हणाला, "दुसरा झटका येईलच असं नाही. पण आला तर वाचा जाऊ शकते, काका." तेव्हापासून रोज सकाळी डोळे उघडले की आधी तोंडातल्या तोंडात एक वाक्य बोलून बघतो. ते आलं की हाताकडे बघतो.

हात गेले तीन आठवडे होता तिथेच आहे. भिंतीवरची रेघ हलत नाही. खांदा इतका दुखतो की कुशीवर वळता येत नाही. सहामधले तीन महिने संपले. पागधरे बाई म्हणतात, असं होतं, मधेच थांबतं, तुम्ही थांबू नका. मी तोंडावर हसलो आणि घरी येऊन वाटाण्यांची वाटी भिंतीवर मारली. डाव्या हाताने. मग गुडघ्यावर बसून उजव्याने एकेक गोळा केला. बाहेरून कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, हा कामगारांचा वाघ!

मग वाटलं, वाट कशाला बघायची? डाव्याने लिहावं. लिहून बघितलं. अक्षरं लागत नाहीत असं नाही, कशीबशी लागतात. पण दोन ओळींवर थांबलो. तुझ्याकडे मी बोट केलं ते उजव्या हाताचं. ते लिहायला डावा पुढे करायचा, हे मला नोकराकडून माफी पाठवल्यासारखं वाटलं. तू म्हणशील, दादाचा हट्ट. असेल. मग कुशाबाला सांगून लिहून घेऊ का असंही मनात आलं, पण त्याला सांगितलेलं दुसऱ्या दिवशी अख्ख्या सातारा जिल्ह्याला कळतं.

खरं कारण सांगू? मला भीती वाटते. पत्र लिहून होण्याआधी झटका येईल याची भीती आहे. आणि पत्र लिहून होईल याचीही आहे. या दोन्हींमध्ये मी रोज वाटाणे वेचतो.

दादा


२९ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर १९८८

महादेव,

हे पत्र चार दिवस लिहितोय. आधी काय झालं ते सांगतो.

पागधरे बाईंचा एक खेळ आहे. डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि उजव्या हातात एकेक वस्तू देतात. किल्ली, सुपारी, काचकागद, जाळं विणायची सुई. ओळखायची. आजवर मला काही ओळखता येत नव्हतं, बोटांना सगळं सारखंच, ओल्या पिठासारखं. गेल्या सोमवारी त्यांनी काहीतरी मऊ ठेवलं. मी ते अंगठ्याने चोळलं. त्या म्हणाल्या, "सांगा." मी म्हटलं, "कापूस."

"बरोब्बर!"

"जुना आहे. गादीतला. धागा तोकडा आहे, मेलेला आहे, त्यात धूळ आहे."

बाई हसून म्हणाल्या, "अगंबाई, खरंच की! आमच्या इथली फाटलेली उशी आहे ती." सगळ्यांना बोलावून सांगितलं. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने एका हाताने मांडीवर टाळी दिली. आणि मी पट्टी सोडायला तयार होईना. त्यांना वाटलं, मी आनंदाने रडतोय.

आता ऐक.

ऑक्टोबर ब्याऐंशी. संपाला नऊ महिने झाले होते. मागच्या दाराने ट्रकमधून माणसं आत नेतात अशा बातम्या होत्या. रोज कोणीतरी फुटत होतं. गेटवर पहारा द्यायच्या पाळीला तू पाच दिवस आला नव्हतास. शेवंता म्हणायची, ताप आहे. मी ते मानलं होतं. मग आपल्या चाळीतला गंगाधर संप समितीत सगळ्यांसमोर म्हणाला, "राजाराम, तुझी जीभ दुसऱ्याच्या घरात बरी चालते. तुझा भाऊ कुठाय? ताप काय गिरणीच्या भोंग्यावर येतो आणि भोंग्यावर जातो?" लोक हसले. महादेव, मला मार चालतो, तुरुंग चालतो. हसणं चालत नाही.

त्या संध्याकाळी तू नळावर हातपाय धूत होतास. मी मागून आलो. आपण त्रासन खात्यातली, सूत कातणारी माणसं, कापसाच्या धुरळ्यात वाढलेली. आत जाऊन आलेला माणूस बाहेर पडताना डोकं झटकतो, भुवया पुसतो, पण कान विसरतो, हे आपल्याशिवाय कोणाला ठाऊक? मी तुझ्या कानात बोट घातलं. कापूस निघाला. तू वळलास आणि म्हणालास, "दादा, ऐक." मी ऐकलं नाही. तुझं मनगट धरून पटांगणात नेलं. सभा भरलेलीच होती.

चारशे माणसं होती. मी तो कापूस चिमटीत धरून वर केला. म्हणालो, "बघा. हा माझ्या भावाच्या कानातून निघाला. माझ्या घरात फितुरी निघाली तर मी माझं घर सांगेन. उद्या तुमच्या घरात निघाली तर तुम्ही सांगाल का?" असलं भाषण मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. तू तीनदा बोलायला तोंड उघडलंस. तिन्ही वेळा मी आवाज चढवला. मला आवाज चढवता येतो. पुढे चपला आल्या, त्यांची माळ आली, शेवंताला नळावरून हाकललं, ते तुला माझ्याकडून ऐकायची गरज नाही. दहा वर्षांची बकुळा जिन्याच्या पायरीवर बसून टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, बाबा जिंकले. तिसऱ्या दिवशी सकाळी तू बायको-पोराला घेऊन गेलास. मी खिडकीतून बघितलं. खाली आलो नाही.

चौथ्या दिवशी घोडपदेवचा गादीवाला नूरमहंमद आपल्या दारात आला. हातात तुझा डबा. म्हणाला, "महादेवभाई पाच दिन मेरे यहाँ रुई पिंजने आया, फिर आयाच नहीं. तबियत ठीक है ना?" घरात पोर तान्हं, शेवंताच्या अंगावर दूध नाही, म्हणून तू गेटवरची पाळी चुकवून गाद्यांचा कापूस पिंजत होतास. मला सांगितलं नाहीस, कारण गेट सोडून जो दुसरं काम धरेल तो अर्धा फितूर, हेसुद्धा मीच आधीच्या महिन्यात गरजलो होतो.

मी नूरमहंमदला म्हटलं, तब्येत बिघडली म्हणून गावाला गेला. आणि डबा पुस्तकांच्या मागे ठेवला. दुसऱ्या दिवशी मोठा मोर्चा होता. मी स्वतःला सांगितलं, आत्ता बोललो तर लोक म्हणतील, पुढारी भावासाठी शब्द फिरवतो, आणि संपाला तडा जाईल. मोर्चा झाल्यावर सांगू. मग म्हटलं, समझोता झाल्यावर. समझोता झालाच नाही. संप मेला, त्याला मेला म्हणायलाही कोणी उरलं नाही, तरी मी गप्प होतो. तेव्हा कुठला तडा जाणार होता?

हे झालं सगळं. पण अजून एक आहे आणि तेच लिहायला चार दिवस लागले.

चौथ्या दिवशी मला कळलं, असं वरून वाटेल, पण ते खोटं आहे. मला नळावरच कळलं होतं. गिरणीचा कापूस नवा असतो, लांब धाग्याचा, बोटाला निसरडा लागतो. वीस वर्षं तुटलेला धागा सांधणारी बोटं माझी, अंधारात सांगतील. तुझ्या कानातला कापूस तोकडा होता, धुळीचा होता. चिमटीत चोळला तेव्हा बोटं म्हणाली, हा आपला नाही. मी बोटांचं ऐकलं नाही, कारण गंगाधरचे शब्द कानात होते आणि मला वर करायला काहीतरी हवं होतं.

तू निर्दोष होतास. मला ते त्याच घटकेला माहीत होतं. मी माफी मागतो. याहून चांगलं वाक्य मला सुचत नाही.

राजाराम


इचलकरंजी
१४ ऑक्टोबर १९८८

दादास,

पत्र मिळालं. मला सांगून काय उपयोग. मला माहीत होतं. तू कापूस चिमटीत चोळलास तेव्हा मी तुझं तोंड बघत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग.

औषध वेळेवर घे.

महादेव


१३ नोव्हेंबर १९८८

महादेव,

तुझं कार्ड पोस्टमनने हातात दिलं ते मी उजव्या हातात घेतलं. पडलं नाही. वाचल्यावर चार दिवस कोणाशी बोललो नाही. राधाबाईला वाटलं, वाचा गेली. ती डॉक्टरकडे धावायच्या बेतात होती, तेव्हा म्हटलं, बस, आणि बकुळालाही बसव.

दोघींना सांगितलं. तुला लिहिलं तेच, त्याच क्रमाने, बोटांचंसुद्धा. राधाबाईने एवढंच विचारलं, "डबा कुठाय?" मी पुस्तकांमागून काढून दिला. तिने तो राखेने दोनदा घासला आणि फडताळात लावला. बकुळा म्हणाली, "मी टाळ्या वाजवल्या होत्या." मी म्हटलं, तू लहान होतीस. ती म्हणाली, "लहान होते म्हणून काय? वाजवल्या होत्या." तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हती. सकाळी हात बांधायला मात्र यायची. फार घट्ट बांधायची. मी सैल कर म्हटलं नाही.

गेल्या रविवारी पटांगणात सभा बोलावली. कुशाबाकडून निरोप फिरवला की राजारामभाऊ आजारानंतर पहिल्यांदा बोलणार आहेत. दीडशे माणसं आली. आता चाळीत तेवढीच उरलीत, बाकीची गावाला गेली नाहीतर मेली. त्यांना वाटलं, गिरण्यांच्या जमिनींवर बोलेन. हारही आणला होता. तो मी घातला नाही.

भाषण वाईट झालं. लाळ येत होती, "स" नीट येत नव्हता, मागच्या पोरांनी नक्कल केली. मी हात वर केला तर तो खांद्यापर्यंतच गेला आणि मूठ वळून बसली. मग हात खाली ठेवून साधं बोललो. सगळं सांगितलं. एक सांगितलं नाही, की तू कार्ड पाठवलंस म्हणून मी उभा आहे. आपणहून बोलतोय असंच लोकांना वाटू दिलं. बघ, अजून सवय जात नाही. ते मी दुसऱ्या दिवशी गंगाधरला सांगितलं, आणि आता तुला सांगतो.

मला वाटलं होतं, लोक मला शिव्या देतील किंवा आजारी माणूस म्हणून सोडून देतील. दोन्हीला मी तयार होतो. गंगाधर उठला. त्याचं दमेकऱ्याचं अंग झालंय, कठडा धरून उभा राहिला. म्हणाला, "ती माळ मी ओवली होती राजाराम. ह्या हातांनी. सहा वर्षं मी पोरांना सांगत आलो, तुमच्या बापानं फितुराला चपला घातल्या. तुझ्या भावाचं तू बघ. आमच्या हातांचं काय करायचं, ते सांग."

महादेव, मी आयुष्यात कधी सभेत निरुत्तर झालो नाही. मालकाच्या वकिलापुढे नाही, पोलिसांपुढे नाही. मी तोंड उघडलं आणि मिटलं. लोक एकेक करून उठून गेले. आनंदीबाई जाताना थांबली आणि म्हणाली, "शेवंताची घागर मी लाथाडली होती. ती पोटुशी बाई असती तर?" ती पोटुशी नव्हती, तान्ह्या पोराची आई होती, पण मी तिला दुरुस्त केलं नाही.

हाताचं विचारशील तर भिंतीवरच्या रेघेने डोळ्यांची उंची गाठली. पागधरे बाई म्हणतात, डोक्यावर जाईल की नाही ते सांगता येत नाही. शर्टाची दोन बटणं लागतात, वरचं लागत नाही. सहावा महिना संपत आला. रक्तदाब तसाच आहे. सकाळी उठून एक वाक्य बोलून बघायची सवयही तशीच आहे. औषध वेळेवर घेतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मंगळवारी गंगाधर वर आला. दाराशीच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, "महादेवचा पत्ता दे. मी जाऊन येतो इचलकरंजीला." बुधवारी आणखी दोघे आले. मग आनंदीबाई, तिला शेवंताला पत्र घालायचंय, लिहिणार तिची नात. काल संध्याकाळपर्यंत नऊ जण झाले. मी कोणाला पत्ता दिला नाही. ते चिडले. गंगाधर म्हणाला, "अजून तूच मधे उभा राहणार का?" त्याला म्हटलं, थांब चार दिवस.

आणि आज सकाळी बकुळा बोलली. पत्ता तिला पाठ आहे, पहिल्या पाकिटावर तिनेच घातला होता. तरी म्हणाली, "मला काकांना लिहायचंय. त्यांना चालेल का, ते आधी विचारा."

तुझ्या दारात कोण यावं आणि कोण येऊ नये, कोणाचं ऐकावं आणि कोणाचं नाही, हे मला ठरवता येत नाही. म्हणून विचारतो, महादेव.

देऊ का?

दादा